बाबांची हिमयुगं आणि लेकीची तापमानवाढ

ताई, नमस्कार.

माझे बाबा कॉलेजात भूविज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहेत. माझी लेक अकरावीत, शास्त्र शाखेला. दगड ओळखायला, नकाशा वाचायला तिला आजोबांनीच शिकवलं. पण गेलं वर्षभर दोघांत तापमानवाढ या एकाच विषयावरून खटके उडतात. बाबा म्हणतात, "पृथ्वी कधी तापली, कधी गोठली. माणूस नव्हता तेव्हाही हेच चालू होतं. हे निसर्गाचं चक्र आहे, माणसाला उगाच स्वतःचं महत्त्व वाटतं." लेक म्हणते, "सत्त्याण्णव टक्के शास्त्रज्ञ एका बाजूला आहेत, आता चर्चा कसली?" परवा तर ती त्यांना म्हणाली, "तुमच्या पिढीनेच वाट लावली आणि आता कबूलही करत नाही." तेव्हापासून बाबा तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलतात. दोघंही मला एकेकटं गाठून विचारतात, तू कोणाच्या बाजूने? मी वाणिज्य शाखेची. बाबांचं ऐकलं की ते पटतं, लेकीचं ऐकलं की तेही पटतं. यात खरं काय आहे? आणि मी या दोघांना काय सांगू?

– मध्ये अडकलेली

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते मोघम ठेवून मी नात्यांबद्दल कितीही बोलले तरी तुमचा पेच सुटणार नाही. गेल्या दीडशे वर्षांतली तापमानवाढ माणसामुळे झाली आहे. थोडीफार नव्हे, जवळजवळ सगळी. हवामानबदलाच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालात हा हिशेब मांडलेला आहे. १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत २०१० ते २०१९ या दशकात पृथ्वीचं सरासरी तापमान जेवढं वाढलं, त्यात माणसाचा वाटा सुमारे १.०७ अंश सेल्सिअस. सूर्य आणि ज्वालामुखी यांचा मिळून वाटा उणे ०.१ ते अधिक ०.१ अंश, म्हणजे शून्याच्या आसपास. प्रत्यक्ष वाढही साधारण तेवढीच मोजली गेली आहे. निसर्गाच्या नावावर टाकायला त्यात फारसं काही उरत नाही.

म्हणजे लेकीचा निष्कर्ष बरोबर आहे. पण बाबा जी माहिती सांगतात तीही खरी आहे, आणि तुमचा गोंधळ नेमका इथेच होतो. हिमयुगं आली आणि गेली. डायनोसॉरच्या काळात ध्रुवांजवळ जंगलं होती. यातलं काहीच खोटं नाही. त्यांच्या माहितीत चूक नाही, त्या माहितीवरून आजच्याबद्दल जे अनुमान ते काढतात त्यात आहे. एखाद्या नदीला आजवर आलेले सगळे पूर पावसाने आले असतील, तरी आजचा पूरही पावसानेच आला हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी वरच्या भागातला पर्जन्यमापक पाहावा लागतो, आणि धरणाचे दरवाजे उघडे आहेत का तेही पाहावं लागतं. तापमानवाढीच्या बाबतीत शास्त्रज्ञांनी हेच केलं. निसर्गाची जी जी कारणं माहीत आहेत, ती एकेक करून मोजली.

सगळ्यात मोठं चक्र हिमयुगांचं, आणि बाबांचा भरही त्याच्यावरच असणार. पृथ्वीची कक्षा साधारण एक लाख वर्षांच्या फेऱ्यात कमी-जास्त लंबगोल होते. तिच्या आसाचा कल सुमारे ४१,००० वर्षांत थोडा वाढतो, थोडा कमी होतो. आणि तो आस भोवऱ्यासारखा डोलतो, त्याचा फेरा वीस-पंचवीस हजार वर्षांचा. या तिन्हींचं गणित सर्बियन शास्त्रज्ञ मिलुतिन मिलांकोविच यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलं आणि हिमयुगांचं वेळापत्रक त्यातून बऱ्यापैकी उलगडलं. आता प्रश्न असा, की हे चक्र आज पृथ्वीला कुठे नेत आहे? उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात पडणारं ऊन सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी सर्वाधिक होतं आणि तेव्हापासून ते हळूहळू कमी होत आलं आहे. म्हणजे या चक्राचा कल थंडीकडे आहे. एकटं तेच चालू असतं, तर गेल्या शतकात तापमान किंचित उतरायला हवं होतं. बाबांच्या आवडत्या चक्राने आजच्या उष्णतेची जबाबदारी घ्यायचं ठरवलं, तरी त्याची दिशाच उलटी आहे.

शिवाय वेग पाहा. शेवटचं हिमयुग ओसरताना, म्हणजे साधारण १८,००० ते ११,००० वर्षांपूर्वीच्या काळात, हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख रेणूंमागे १८०-१९० वरून २६० च्या पुढे गेला. सात हजार वर्षांत सुमारे ८० ची भर. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर या वायूची अखंड मोजणी सुरू केली, तेव्हा तो सुमारे ३१५ होता. २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर गेली. शंभराहून अधिक भर, तीही एका माणसाच्या आयुष्यात मावेल एवढ्या काळात. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांमधून आपल्याला आठ लाख वर्षांची नोंद मिळाली आहे. त्या सगळ्या काळात हा आकडा ३०० च्या आसपास थांबला, त्यापुढे गेला नाही. बाबांना हजार वर्षं म्हणजे काहीच नव्हे अशी सवय असणार. त्या सवयीनेच त्यांनी हा आलेख पाहावा, कारण भूविज्ञानाच्या मापाने तो जवळजवळ सरळ उभा आहे.

सूर्याचं थोडक्यात सांगते. १९७८ पासून उपग्रहांवरून सूर्याचं तेज थेट मोजलं जात आहे. त्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात ते जेमतेम ०.१ टक्क्याने वरखाली होतं. १९८० च्या दशकापासून सूर्याची सक्रियता एकंदरीत किंचित कमी झाली आहे. २००८ ते २०१९ चं सौरचक्र तर साधारण शंभर वर्षांतलं सर्वांत दुबळं होतं. नेमक्या याच काळात पृथ्वी झपाट्याने तापली.

ज्वालामुखींतून निघणारा कार्बन डायऑक्साइड माणसाच्या उत्सर्जनाच्या सुमारे एक टक्का किंवा त्याहूनही कमी आहे. मोठे उद्रेक उलट थंडी आणतात. १९९१ मध्ये फिलिपाइन्समधल्या पिनाटुबोचा उद्रेक झाला, तेव्हा वर उडालेल्या गंधकयुक्त कणांनी पुढच्या वर्ष-दीड वर्षात पृथ्वीचं तापमान सुमारे अर्धा अंश खाली आणलं होतं.

मग राहतात समुद्राचे हेलकावे. एल निनोच्या वर्षी जग जास्त तापतं हे खरंच आहे, आणि १९९८, २०१६, २०२४ या वर्षांचे उच्चांक त्यामुळे आणखी वर गेले. पण समुद्र जर स्वतःची साठलेली उष्णता हवेला देत असेल, तर तो स्वतः थंड व्हायला हवा. तो थंड होत नाही. जगभरच्या समुद्रांत आर्गो प्रकल्पाची जवळपास चार हजार स्वयंचलित तरंगती यंत्रं आहेत. ती दोन किलोमीटर खोलवर जाऊन तापमान मोजून येतात. पृथ्वीवर साचणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्रातच जात आहे, असं मोजणीतून दिसतं. हवा तापते, समुद्र तापतो, बर्फ वितळतं, जमीन तापते, आणि हे सगळं एकाच वेळी. उष्णता एका खणातून काढून दुसऱ्या खणात ठेवली जात असती तर असं दिसलं नसतं. ती बाहेरून येऊन इथेच अडते आहे.

ती अडते कशी, याचीही खूण सापडली आहे, आणि या साऱ्या विषयात माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा पुरावा तोच आहे. सूर्य प्रखर झाल्यामुळे तापमान वाढलं असतं, तर वातावरण वरपासून खालपर्यंत तापलं असतं. कार्बन डायऑक्साइडमुळे वाढलं तर खालचा थर तापायला हवा आणि वरचं स्थितांबर थंड व्हायला हवं. हे भाकीत स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्ये केलं, उपग्रहांच्या नोंदी हाती येण्याच्या कितीतरी आधी. पुढे मोजमाप झालं तेव्हा अगदी तसंच आढळलं. (स्थितांबराच्या खालच्या भागात ओझोन घटल्यानेही थंडी आली. पण त्याच्या वरच्या भागातल्या थंडीत मोठा हात कार्बन डायऑक्साइडचा आहे.) मानाबेंना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. आधी सांगून ठेवलेलं, दुसऱ्या कुठल्याही कारणातून न निघणारं भाकीत जेव्हा खरं ठरतं, तेव्हा वादाला फार थोडी जागा राहते.

आता बाबा म्हणतील, वायू वाढला हे मान्य, पण तो समुद्रातून किंवा जमिनीतून कशावरून आला नसेल? हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचं उत्तर वाणिज्य शाखेच्या व्यक्तीला सगळ्यांत लवकर कळेल. कोळसा, तेल, वायू जाळून आणि सिमेंट बनवून माणूस दर वर्षी सुमारे ३,७०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. जंगलतोडीचा त्यावर आणखी. हवेत दर वर्षी प्रत्यक्ष वाढतो तो याच्या साधारण निम्मा. म्हणजे उरलेला निम्मा निसर्गाने, समुद्राने आणि झाडा-मातीने, पोटात घेतला. जमा आपल्याकडून, आणि निसर्गाचा एकूण व्यवहार घेण्याचा, देण्याचा नव्हे. समुद्र हा वायू ओकत असता तर त्याच्या पाण्यातला कार्बन कमी झाला असता. तो वाढला आहे, आणि त्यामुळे समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू (पीएच) ८.२ वरून ८.१ पर्यंत उतरला आहे, म्हणजे पाणी आम्लतेकडे सरकलं आहे.

बाबांना समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) चांगली परिचयाची असतील, तर त्यांना हान्स स्यूस यांचं नाव सांगा. कार्बन-१४ ची अर्धायु सुमारे ५,७३० वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात तो निम्माच उरतो. कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडलेल्या कोळशात तो शिल्लकच नसतो. कोळशाचा धूर हवेत मिसळला तर हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ व्हायला हवं. ते झालं आहे, हे स्यूस यांनी १९५५ मध्ये झाडांच्या वलयांतून दाखवलं. कार्बन-१३ चं प्रमाणही घटत आहे, आणि ही घट वनस्पतीजन्य कार्बनकडे बोट दाखवते, ज्वालामुखींकडे नाही. शिवाय हवेतला प्राणवायू अगदी सूक्ष्म प्रमाणात, पण नेमाने कमी होतो आहे. काहीतरी जळतं तेव्हा प्राणवायू खर्च होतो. ही मोजणी चार्ल्स कीलिंग यांचे चिरंजीव राल्फ कीलिंग करत आले आहेत. वडिलांनी कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला, मुलाने प्राणवायू. एकाच प्रश्नावर दोन पिढ्यांनी काम केलेलं पाहिलं की मला मनापासून आनंद होतो.

बाबांचा आणखी एक आक्षेप असू शकतो: जुन्या नोंदींत आधी तापमान वाढतं आणि मागाहून कार्बन डायऑक्साइड, मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला? हिमयुगं संपताना सुरुवात कक्षेच्या बदलाने झाली, हे शास्त्रज्ञांना मान्यच आहे. समुद्र थोडा तापला, त्यातून हा वायू बाहेर पडला, त्याने पृथ्वी आणखी तापवली. २०१२ मध्ये जेरेमी शाकुन आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या ८० नोंदी एकत्र मांडल्या. एकट्या अंटार्क्टिकाऐवजी सगळ्या पृथ्वीचं सरासरी तापमान पाहिलं, तर बहुतांश वाढ कार्बन डायऑक्साइडच्या मागून झाल्याचं त्यांना दिसलं. हा वायू परिणामही होता आणि कारणही. आज त्याला हवेत यायला समुद्राने तापायची वाट पाहावी लागत नाही, आपण तो थेट सोडतो आहोत.

आणि इथे मला बाबांच्या युक्तिवादाचं दुसरं टोक दिसतं, ज्याकडे ते स्वतः वळलेले नाहीत. कक्षेतल्या बदलांनी पृथ्वीवर पडणाऱ्या वार्षिक एकूण उन्हात फार किरकोळ फरक पडतो. तेवढ्याशा फरकाने जर खंडभर पसरलेल्या बर्फाच्या चादरी आल्या आणि गेल्या, तर याचा अर्थ पृथ्वीचं हवामान हळवं आहे. किंचित धक्का पुरतो. 'हवामान नेहमीच बदलत आलंय' हे वाक्य निश्चिंत करणारं नाही, ते काळजी वाढवणारं आहे. सुमारे ५.६ कोटी वर्षांपूर्वी काही हजार वर्षांत प्रचंड प्रमाणात कार्बन हवेत आणि समुद्रात आला. पृथ्वी पाच-सहा अंशांनी तापली, खोल समुद्रातल्या अनेक सूक्ष्मजीव जाती नष्ट झाल्या, आणि घडी परत बसायला लाखाहून अधिक वर्षं लागली. ते माणसाने केलं नव्हतं, निसर्गाने केलं होतं. आणि आजचा आपला वेग त्या घटनेतल्या वेगाच्या साधारण दसपट आहे. बाबांना ही घटना माहीत असणार. तिचा उल्लेख ते कोणत्या बाजूने करतात, हे मला ऐकायला आवडेल.

आता तुमच्या लेकीबद्दल. ती उत्तर बरोबर देते, पण ते ज्या पायावर उभं करते तो कच्चा आहे. सत्त्याण्णव टक्क्यांचा आकडा आहे. पण आयुष्यभर भूविज्ञान शिकवलेल्या माणसावर बहुमताचा परिणाम होत नाही, आणि होऊ नये. खंड सरकतात असं आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये मांडलं, तेव्हा बहुतेक सगळे जाणकार विरोधात होते. १९६० च्या दशकात समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांनी त्यांची मूळ कल्पना खरी ठरवली. बाबांनी वर्गात हे किती वेळा सांगितलं असेल! नात जेव्हा 'इतके टक्के शास्त्रज्ञ' म्हणते, तेव्हा त्यांना वेगेनरच आठवत असणार.

म्हणून तिला सांगा, आजोबांना गाय कॅलेंडर यांची गोष्ट सांग. हे ब्रिटिश गृहस्थ वाफेच्या यंत्रांचे अभियंता होते, हवामानाचा अभ्यास त्यांनी फावल्या वेळात केला. १९३८ मध्ये त्यांनी जगभरच्या १४७ केंद्रांच्या नोंदी हाताने गोळा करून दाखवलं की पृथ्वी तापते आहे, आणि कारण आपण जाळलेला कोळसा असावा. तज्ज्ञांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. निसर्गाच्या एवढ्या मोठ्या यंत्रणेपुढे माणूस क्षुद्र आहे, हाच तेव्हाचा सर्वमान्य विचार होता. १९०० च्या सुमारास क्नुट ओंगस्ट्रॉम यांच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीवरून असंही मानलं गेलं होतं की अडवता येईल तेवढी उष्णता अडवायला हवेत हा वायू आधीच पुरेसा आहे, आणखी वाढला तरी फरक पडणार नाही. वातावरणाच्या विरळ, उंच थरांत काय होतं ते त्या नळीतल्या प्रयोगात दिसत नव्हतं. ते गिल्बर्ट प्लास यांनी १९५६ मध्ये गणिताने दाखवलं. म्हणजे या प्रकरणातला एकाकी वेगेनर हा कॅलेंडर होता, आणि आज बाबा जे म्हणतात ते त्या काळी बहुमत होतं. ते बहुमत मोजमापांनी मोडलं. मतदानाने नव्हे.

याच्याही मागे गेलं तर बाबांना आणखी जवळचं काही सापडेल. हा सगळा शोध हिमयुगांचं कोडं सोडवतानाच लागला. जॉन टिंडल यांनी १८५९ पासून वायू उष्णता कशी शोषतात हे मोजलं, त्यांना हिमयुगांचं कुतूहल होतं. (त्यांच्याही तीन वर्षं आधी, १८५६ मध्ये, युनिस फूट यांनी काचेच्या नळकांड्यात कार्बन डायऑक्साइड भरून उन्हात ठेवला आणि तो साध्या हवेपेक्षा जास्त तापतो हे नोंदवलं. त्यांचं नाव दीडशे वर्षं जवळजवळ कोणी घेतलं नाही.) स्वांटे अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्ये हा वायू दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल याचा पहिला हिशेब केला, तोही हिमयुगं का येतात हे समजून घेण्यासाठी. त्यासाठी कार्बनच्या चक्राची आकडेमोड त्यांना ज्यांच्याकडून मिळाली ते आर्विद ह्योगबोम भूवैज्ञानिक होते. कोळशातून निघणाऱ्या वायूचा हिशेब मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत ते होते. बाबांनी या शास्त्राला परकं मानायचं काहीच कारण नाही, ते त्यांच्याच घरात जन्मलं आहे.

लेकीचं दुसरं वाक्य मात्र मला खटकलं. 'तुमच्या पिढीनेच वाट लावली' हे कठोर आहे हा एक भाग, आणि ते आकड्यांतही बसत नाही. जीवाश्म इंधनांतून आजवर जेवढा कार्बन डायऑक्साइड निघाला, त्यातला निम्म्याहून अधिक १९९० नंतरचा आहे. तुमच्या-माझ्या पिढीचा हिस्सा त्यात भरपूर आहे. ज्याने तिला दगड वाचायला शिकवलं त्या माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून तिने स्वतःचा सर्वांत चांगला श्रोता गमावला. तिने माफी मागावी, आणि ती तुमच्या आग्रहाखातर नको. हे आकडे आधी तिला दाखवा, मग तिचं तिलाच वाटेल असं मला वाटतं. तिचा राग खोटा नाही, हेही बाबांना कोणीतरी सांगायला हवं. तिला पुढची साठ-सत्तर वर्षं याच पृथ्वीवर काढायची आहेत. त्या भीतीला 'माणसाला उगाच महत्त्व वाटतं' असं उत्तर मिळालं तर ती दुखावणारच.

चर्चा कसली, असंही ती म्हणते. चर्चा आहे, आणि ती चांगली आहे, फक्त ती दुसऱ्या प्रश्नांवर आहे. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी शेवटी किती तापेल? आयपीसीसीचा अंदाज बहुधा अडीच ते चार अंश असा आहे. अडीच आणि चार यांत अंतर प्रचंड आहे, आणि ते ढगांच्या वागण्याविषयीच्या अनिश्चिततेमुळे मोठं राहिलं आहे. एखाद्या भागात पाऊस वाढेल की घटेल, बर्फाच्या चादरी किती वेगाने कोसळतील, एखाद्या विशिष्ट वादळात तापमानवाढीचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञ आजही भांडतात. दर उकाड्याच्या दिवशी 'बघा, तापमानवाढ' म्हणणं तिने सोडावं. एका दिवसावरून हवामान ठरत नाही, आणि बाबा ते लगेच पकडतील.

मध्ययुगातली उष्णता आणि त्यानंतरची थंडी हा मुद्दाही बाबा काढतील. त्या घटना खऱ्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या शतकांत घडल्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात गेल्या दोन हजार वर्षांतला सर्वांत उष्ण काळ पृथ्वीच्या ९८ टक्क्यांहून अधिक भागात विसाव्या शतकातच आला, असं दिसलं. एवढी एकजूट आधीच्या कुठल्याही चढउतारात नव्हती.

बाबांना हे सगळं कोणी सांगायचं, आणि कसं? हे पत्र त्यांच्यापुढे ठेवू नका. परक्या बाईने लिहिलेलं पान हातात देऊन 'वाचा' म्हटलं की शिक्षक माणूस लाल पेन घेऊन बसतो. त्याऐवजी त्यांना त्यांचं काम परत द्या. १८८० पासूनचं पृथ्वीचं तापमान, १९५८ पासूनचा मौना लोआचा कार्बन डायऑक्साइड, १९७८ पासूनचं सूर्याचं तेज, बर्फाच्या गाभ्यांची आठ लाख वर्षांची नोंद, हे सगळं इंटरनेटवर कोणालाही मोफत मिळतं. बाबांनी एक नैसर्गिक कारण निवडावं आणि ते खरं असेल तर आलेखात काय दिसायला हवं, ते आलेख काढण्याआधी कागदावर लिहावं. लेकीनेही तिच्या बाजूने तसंच लिहावं. मग दोघांनी मिळून आलेख काढावेत. आधी लिहून ठेवणं महत्त्वाचं आहे, नाहीतर नंतर दोघंही आपापल्या सोयीचं वाचतील.

रिचर्ड मुलर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने असंच केलं. तापमानाच्या नोंदींवर त्याचा विश्वास नव्हता. शहरं वाढल्यामुळे तापमापक जास्त आकडे दाखवत असतील, अशी एक शंका होती. त्याने स्वतःचा गट उभा करून नोंदी नव्याने तपासल्या. त्या कामाला पैसा देणाऱ्यांत तेलव्यवसायाशी संबंधित एक प्रतिष्ठानही होतं. २०१२ मध्ये त्याने जाहीरपणे लिहिलं की तापमानवाढ खरी आहे आणि ती जवळजवळ पूर्णपणे माणसामुळे आहे. बाबांनाही स्वतःच्या हाताने तपासायची संधी मिळू द्या.

तरीही ते मानणार नाहीत, असं होऊ शकतं. माणसाच्या क्षुद्रतेची जाणीव ही त्यांच्यासाठी नम्रता आहे, चाळीस वर्षं दगडांच्या सहवासात ती मुरलेली आहे. कोट्यवधी वर्षांकडे पाहणाऱ्याला आपली दीडशे वर्षं एवढा बदल घडवतील हे पटणं जड जाणारच. त्यांचं मत बदललं नाही तर त्यांना घेरू नका. रोज तोच विषय काढू नका, आणि लेकीलाही काढू देऊ नका. पण तुम्ही स्वतः गप्प राहू नका. दोघं तुम्हाला बाजू विचारतात, आणि तुम्ही आजवर ती टाळत आलात. वाणिज्य शाखेची आहे, हे कारण आता पुरे. जमा-खर्चाचा मुद्दा तुम्हाला बाबांपेक्षाही स्वच्छ मांडता येईल. लेक घरात नसताना, शांतपणे, तुमच्या शब्दांत त्यांना सांगा, "बाबा, मी हिशेब पाहिला. मला तिचं पटतं. पण ती तुमच्याशी ज्या तऱ्हेने बोलली ते मला पटलेलं नाही, आणि हे मी तिलाही सांगितलं आहे." लेकीला आधी सांगा, म्हणजे हे वाक्य खरं असेल.

आलेख काढताना बाबांनी एखादा असा आक्षेप काढला जो वर आलेला नाही, तर तो त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवा. त्याचं उत्तर मी त्यांच्याच नावाने लिहीन.